चष्मा पुसायच्या तीन जागा

माणसाला काही रीत असावी. या मिस्त्रीला नव्हती. भर दुपारी, ना ओळख ना पाळख, माझ्या फाटकासमोरच्या उखडलेल्या फरशीवर बसून याने छिन्नी-हातोडा चालवायला सुरुवात केली.

"अहो, कोण तुम्ही?" मी खिडकीतूनच खडसावलं.

"समोरच्या घरी लेकीकडे असतो. घरं बांधण्यात जन्म गेला... आता हात शिवशिवतात. पालिकेचा कागद आहे खिशात, दाखवू?"

"मला कागद नका दाखवू. आवाज कमी करा."

तो हसला. मी खिडकी लावायला हात उचलला, पण लावली नाही.

याच फरशीवर मी गेल्या वर्षी पडले होते. हाड शाबूत राहिलं, पण चारचौघांनी उचलून घरात आणलं ते जिव्हारी लागलं. तेव्हापासून फाटकाबाहेर पाऊल नाही. गल्लीच्या टोकाला माझी धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली. मुलगा म्हणायचा, गाडीतून सोडतो. पण मला सामानासारखं पोचवलेलं चालत नाही. वर्ष झालं, बहिणीचं तोंड पाहिलं नव्हतं.

मिस्त्रीने फरशी सपाट केली. मग गल्लीभर तीन कट्टे बांधले. सून जागा सांगत आली—औषधाचं दुकान, विजेचा खांब, शाळेची भिंत. मी चरकलेच. मी हिंडत-फिरत होते तेव्हा नेमकी तिथेच दम खायला थांबायचे, चष्मा पुसायचं निमित्त करून. घरात कोणाला पत्ता नव्हता.

मी फाटकाशी आले. "माझ्यावर नजर ठेवून होतात?"

"नजर नाही... लक्ष," तो खाली बघत म्हणाला. "लेकीच्या गच्चीवरून सगळी गल्ली दिसते. इतका लख्ख चष्मा दुसरा नव्हता, बाई. मग तुम्ही दिसेनाशा झालात... मला करमेना."

या वयात कान गरम होतात हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी निघाले. तो मागे दोन पावलं, हात पाठीशी बांधून. आधार देऊ का, असं एकदाही म्हणाला नाही. दुकानाजवळ उभ्यानेच दम घेतला. खांबापाशी मात्र टेकले—आणि उठवेना. कट्टा बुटका होता.

मिस्त्रीचा चेहरा पडला. "माझ्याच गुडघ्याच्या मापाने बांधला हो... चुकलो."

"चुकलात. आता हात द्या."

वर्षभरात मी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. त्याचा हात सिमेंटने खरखरीत झालेला, ऊबदार. मी उभी राहिले. तरी हात सुटला नाही—कोणाचा, ते कोण सांगणार?

"उद्या एक वीट चढवतो," तो पुटपुटला.

"सावकाश चढवा. घाई नाही."

बहिणीच्या दारात पोचलो तेव्हा ती उशीवरून अर्धी उठली. "ताई, चालत आलीस?" मग तिची नजर आमच्या हातांवर गेली. "आणि हे कोण?"

मी तिच्याशेजारी बसले, तिचं डोकं कुशीत घेतलं. मिस्त्री दारातच घुटमळत उभा होता.

"आत या," मी म्हणाले. "आणि नीट ऐका, मिस्त्री. मी जन्मात कोणाचे आभार मानले नाहीत. तुमचे मानायचे आहेत. एका दिवसात ते उरकायचं नाही... तुम्हाला रोज यावं लागेल."