सदतीस टोपणं

कृष्णाकाठच्या पूरसंशोधन केंद्रात त्या सकाळी चाचणीआधीच पेढे आणून ठेवले होते. डॉ. नंदिनी मगदूमला आपल्या शोधाबद्दल केवढी खात्री होती, ते एवढ्यावरून कळावं. प्रयोगशाळेत वीस वर्षं घालवलेली ही बाई एरवी मोजूनमापून बोलायची. आज मात्र तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

शेडमध्ये सतरा बोटी ओळीनं उभ्या होत्या. २०५८ सालापर्यंत रस्त्यावरच्या गाड्या विजेवर गेल्या होत्या, पण पुरात पहिल्यांदा जाते ती वीजच. म्हणून सुटकेच्या बोटींना अजून पेट्रोलचं छोटं इंजिन लागायचं, आणि ते वर्षातले अकरा महिने नुसतं पडून असायचं. ऐन पुराच्या दिवशी दोरी ओढावी, तर साहेब ढिम्म. चार वर्षांपूर्वी हिरवाडीत हेच झालं होतं. केंद्राचे मेस्त्री दस्तगीर मुजावर पाऊण तास दोरी ओढत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत समोरच्या कौलांवरची सात माणसं पाण्यात गेली. तेव्हापासून दस्तगीरचाचा केंद्राच्या बोटींना जिवापाड जपायचे.

तीन वर्षं टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलवर इंजिनं सुरू होतात का, याची चाचणी घ्यायला राज्य समितीचे अभियंता आरगे आले होते. गृहस्थ पेढ्यांकडे संशयानं पाहत होते. धरणातून चार वाजता पाणी सोडणार, संध्याकाळच्या आत बोटी सतरा गावांत पोचल्याच पाहिजेत, तेव्हा जे काय सिद्ध करायचं ते लवकर करा, असं त्यांनी आल्या आल्या बजावलं. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच प्रत्येक टाकीच्या झाकणाला समितीचं सील लावलं होतं; औषध घालायची बारीक नळी तेवढी मोकळी ठेवली होती. आत 'साखळीतोड' या नंदिनीच्या औषधाशिवाय काही पडता कामा नये, दुसरं इंधन पडलं की चाचणी रद्द आणि पुन्हा तीन वर्षं थांबायचं, असा नियम होता.

"पंपावरचं पेट्रोल एवढं का वाईट?" त्यांनी विचारलं.

"त्यात इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं," नंदिनी म्हणाली. "पुरेसं पाणी झालं की दोघं मिळून तळाशी बसतात, आणि इंजिनाच्या तोंडी पहिल्यांदा तेच जातं. रबर फुगतं, पितळ गंजतं. म्हणून मी इथेनॉल काढूनच टाकलं. हे कोरडं पेट्रोल."

"कोरडं असलं तरी शिळं होणारच की."

"होतं ना. प्राणवायू एका रेणूला धरतो, तो बिघडलेला रेणू शेजारच्याला बिघडवतो, अशी साखळी लागते आणि शेवटी नुसता डिंक उरतो. पेट्रोल टिकवायची बाजारातली स्थिरकं ही साखळी तोडतात, पण तोडता तोडता स्वतः संपतात. माझं साखळीतोड संपत नाही. कडी तोडली की ते पुन्हा होतं तसं होतं. एका टाकीला एक टोपण घाला आणि दहा वर्षं विसरून जा."

आरग्यांनी सील तपासलं आणि मान हलवली. दस्तगीरचाचांनी पहिल्या बोटीची दोरी ओढली. काही झालं नाही. दुसऱ्यांदा ओढली, दहाव्यांदा ओढली. मग दुसरी बोट झाली, तिसरी झाली. बारा वाजेपर्यंत सतराही इंजिनांच्या दोऱ्या ओढून झाल्या होत्या, आणि एकानंही साधा खोकला काढला नव्हता. पेढ्यांचा खोका कुणीतरी हळूच टेबलाखाली सरकवला.

चाचांचं काम मात्र नेटकं चाललं होतं. प्लग काढून पाहिला, ठिणगी निळीशार पडत होती. कार्बोरेटर आरशासारखा स्वच्छ होता आणि पेट्रोलही व्यवस्थित येत होतं. शेवटी त्यांनी सगळ्यांना लांब उभं केलं, वाटीभर पेट्रोल अंगणातल्या पत्र्यावर ओतलं आणि लांब काठीच्या टोकाला पेटता बोळा बांधून त्याच्यावर धरला.

बोळा विझला.

पुन्हा पेटवून धरला, तर पुन्हा विझला. वारा तर पडलेला होता.

"मॅडम, हे पेट्रोल न्हाई," चाचा म्हणाले. "कुणीतरी पाणी भरलंय ह्यात."

नंदिनीनं पत्र्यावर बोट फिरवून वास घेतला. पेट्रोलच होतं, कालच काढल्यासारखं ताजं. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तिनं चाचांना विचारलं, एका टाकीत साखळीतोडाची किती टोपणं घातली?

चाचांच्या उस्तादांच्या गॅरेजची रीत होती, दर अमावास्येला यंत्रं पुसायची, उदबत्ती लावायची, तेलपाणी करायचं. ती रीत चाचांनी आयुष्यभर पाळली होती. आणि औषध म्हटलं की ते अधूनमधून द्यावंच लागतं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"दर अमावास्येला एक टोपण," ते म्हणाले. "हिरवाडीसारखं पुन्हा नगं व्हायला, म्हणून. तीन वर्सांत सदतीस अमावास्या झाल्या."

आरगे कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. आणि नंदिनी? ती पत्र्याभोवती चक्क उड्या मारत होती. आरग्यांना वाटलं, धक्क्यानं बाईंचं डोकं फिरलं.

"अहो, जळणं म्हणजे दुसरं काय?" ती म्हणाली. "तीच साखळी, तोच प्राणवायू. शिळं व्हायला वर्ष लागतं, जळायला क्षण. एक टोपण घातलं तर फक्त शिळं होणं थांबतं. पण माझं औषध संपत नाही, ते साठत गेलं. सदतीस टोपणांना जळणंही थांबलं. आरगेसाहेब, पेट्रोलनं आग विझते आहे! हे आजवर कुणाच्या स्वप्नात तरी आलं होतं का?"

आरग्यांनाही ते पटलं, नव्हे, त्यांचे डोळेही चमकले. त्यांनी स्वतः काठी हातात घेऊन दोनदा बोळा विझवून पाहिला. मग घड्याळ दाखवून ते म्हणाले की शोध मोठा आहे, पण सतरा गावांना आज आग विझवायची नाही.

गावाबाहेर एकच पंप उरला होता, गवतकापणीच्या आणि फवारणीच्या यंत्रांपुरता. तिथं मिळायचं ते इथेनॉलचं पेट्रोल. त्याच्याविरुद्ध नंदिनीनं आयुष्यभर भाषणं दिली होती आणि केंद्राच्या फाटकावर त्याला बंदीची पाटी तिनंच लावली होती. सीलं तोडून ते टाक्यांत ओतायचं, म्हणजे तीन वर्षांची चाचणी स्वतःच्या हातानं पाण्यात घालायची. तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलंही नाही. पण इथेनॉल पाणी धरतं ते पडून राहिल्यावर, आणि आज रात्री या इंजिनांना पडून राहायला सवड कुठं मिळणार होती?

तिनं पक्कड घेतली आणि पहिलं सील स्वतः तोडलं.

पुढचे दोन तास सगळे कामाला जुंपले. टाक्या उपसून पेट्रोल पिंपांत भरलं, नळ्या धुतल्या, पंपावरून कॅन आले. चाचा पहिल्या बोटीपाशी गेले, पण दोरीला हात घालीनात. एवढ्या माणसांचा जीव माझ्या अडाणीपणानं टांगणीला लागला, आता दुसऱ्या कुणीतरी ओढावी, असं ते पुटपुटले.

"चाचा, तुमच्या सदतीस अमावास्यांनी मला जे सापडलं, ते वीस वर्षांत सापडलं नव्हतं," नंदिनी म्हणाली. "ओढा."

पहिल्याच हिसक्याला इंजिन सुरू झालं. मग दुसरं, मग सतराही. कुणीतरी टेबलाखालचे पेढे बाहेर काढले. धरणाचा भोंगा वाजायच्या आत सगळ्या बोटी नदीच्या वळणाआड गेल्या, आणि हिरवाडीच्या बोटीवर चाचा स्वतः होते.

आरग्यांनी अहवालात 'चाचणी रद्द' असं लिहिलं आणि नंदिनीनं त्याच्याखाली सही केली. पेन खिशात ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "हे पंपावरचं पेट्रोल किती दिवस साथ देईल?"

"महिनाभर. मग पाणी धरायला लागेल."

"आणि मग?"

"तोवर पूर ओसरलेला असेल, साहेब."