नी-कॅप धुवू नका

व्हॉलीबॉल रस्त्यावर आला तेव्हा निरुपमा बडोद्याच्या फतेगंजमधून स्कूटीवर युनिव्हर्सिटीकडे निघाली होती, आणि प्रॅक्टिकलला उशीर झालेला असल्यामुळे जरा जोरातच निघाली होती. चेंडू चुकवायला तिने हँडल वळवलं. स्कूटी एकीकडे गेली, ती दुसरीकडे. गुडघा असा काही पिरगळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

मैदानाच्या बुटक्या भिंतीवरून उडी टाकून एक उंच मुलगा धावत आला.

"वाग्युं? बहु वाग्युं तमने?"

"ना ना, कंई नथी थयुं," म्हणत ती उठायला गेली आणि तशीच खाली बसली. "आई गं…"

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. एवढ्या काळजीतही त्याला हसू आलं. "मराठी होय? मग नीट सांगा ना कुठे दुखतंय."

बडोद्यात हे असंच चालतं बरं का. दोन मराठी माणसं घराबाहेर भेटली की एकमेकांशी खुशाल गुजरातीत बोलत राहतात, कुणाला तरी लागेपर्यंत.

त्याचं नाव शुभंकर. गोरव्याच्या एका कारखान्यात नवानवा इंजिनियर, आणि कारखान्याच्या टीमचा खेळाडू. चेंडू त्यानेच मारलेला होता, त्यामुळे चेहरा अपराध्यासारखा. त्याने स्वतःच्या पायातली नी-कॅप ओढून काढली आणि तिच्या सलवारीवरूनच अलगद गुडघ्यावर चढवली. काळी, रबरासारख्या जाड स्पंजी कापडाची. मस्कतच्या काकांनी पाठवलेली. आपल्याकडे तेव्हा मिळायच्या त्या साध्या इलॅस्टिकच्या, दोन दिवसांत ढिल्या होणाऱ्या.

"आता टेकवून बघा पाय."

तिने टेकवला. खरंच, कुणीतरी गुडघा घट्ट धरून ठेवल्यासारखं वाटलं. पण तिचं लक्ष गुडघ्याकडे नव्हतं. पट्टा त्याने दोनदा उलटा लावला… ते तिने पाहिलं, आणि तिने पाहिलं हे त्याने पाहिलं.

"परत कशी करू?"

"बरं वाटलं की करा. घाई नाही."

डॉक्टरांनी तीच नी-कॅप तीन आठवडे वापरायला सांगितली. नवरात्राआधी गुडघा बरा व्हायलाच हवा होता. गरब्याच्या दिवसांत बडोद्याच्या मुलीने घरी बसायचं म्हणजे काय ते दुसऱ्या गावच्यांना नाही कळायचं. भादव्याचा चिकट उकाडा होता. शुभंकर मधूनमधून कॉलेजच्या फाटकापाशी दिसायचा, पायाची चौकशी करायला. मग चौकशी सेव-उसळीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, जायची.

"पाय कसा आहे?"

"उत्तम. पायाशिवाय दुसरं काही विचारता येत नाही का तुम्हाला?"

"येतं. पण भीती वाटते."

"कशाची?"

"उत्तराची," तो म्हणाला आणि बशीत उगाचच लिंबू पिळत बसला. निरूने खाली मान घालून पाव मोडला. तिखटाने कान लाल होतात, हे किती बरं असतं.

अखेर डॉक्टर म्हणाले, आता काढा. निरूने नी-कॅप नीट घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली, आणि कपाटात ठेवून दिली. त्या आठवड्यात लेखी परीक्षा होती. ती संपल्यावर तिने पिशवी सोडली.

आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

असा वास तिने जन्मात घेतला नव्हता. ओले मोजे, कुजका पाला, आंबलेलं ताक, सगळं एकदम. ती मायक्रोबायोलॉजी शिकत होती, म्हणून तर दुःख आणखी मोठं. साध्या मुलीने नाक मुरडून सोडून दिलं असतं. हिला त्या स्पंजात कोण कोण, कशावर आणि किती आनंदाने वाढतंय ते दिसायला लागलं. आणि ते सगळं वाढलं कशावर? आपल्या घामावर. म्हणजे हा वास आपला. लारीवर त्याच्या शेजारी बसायचो तेव्हाही येत असेल. एकदा तो बोलता बोलता बाकावर थोडा बाजूला सरकला होता… हं. म्हणून सरकला होता तर.

निरूला धरणी दुभंगावी असं वाटलं.

तिने नी-कॅप कपड्यांच्या पावडरीत भिजवली. वास तसाच. कढत पाण्यात घातली, तर वास अख्ख्या न्हाणीघरात पसरला आणि एका कडेची शिवण फुगली. ती आणखी घाबरली. लिंबू चोळलं. शेवटी बापूंच्या, म्हणजे वडिलांच्या बाटलीतला अत्तराचा फाया लावला. आता गुलाबाच्या बागेत काहीतरी मरून पडल्यासारखं वाटायला लागलं. स्वतःचा साबण तिने बदलला, दिवसातून दोनदा आंघोळ सुरू केली, मोहनाताईच्या खोलीत जाऊन विचारलं, "ताई, खरं सांग, माझ्या अंगाला वास येतो का गं?"

मोहना बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळाला घेऊन अर्धवट झोपेत. "मला आता दुधाशिवाय कशाचाच वास येत नाही," ती म्हणाली.

त्यातच त्याचे फोन सुरू झाले. घरी फोन येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि तो वाजला की पळत जाऊन घ्यायचा मान निरूचा. आता ती आईला, नलिनीबाईंना, खुणेने सांगायची, मी नाहीये.

"पुन्हा त्या शुभंकरचा," नलिनीबाई रिसीव्हर ठेवत म्हणाल्या. "राज्याच्या टीमचं सिलेक्शन आहे म्हणे रविवारी. नी-कॅप हवी आहे. आणि हो, मुद्दाम सांगितलंय, धुवायची बिलकुल तसदी घेऊ नका, आहे तशी परत द्या. दोनदा सांगितलं बिचाऱ्याने. का गं, भांडलात का?"

निरूने जाऊन नी-कॅप हातात घेतली. धुवू नका! म्हणजे त्याला माहीत आहे. सरळ सांगता येत नाही म्हणून असं आडून सांगितलं. अशी परत दिली तर तो आयुष्यभर हा वास आणि आपलं नाव एकत्र आठवणार. नाही दिली तर त्याचं सिलेक्शन आपल्यामुळे जाणार. दोन्हीकडून तो गेलाच, आणि आपल्याला तो हवा आहे. हे इतकं स्वच्छ तिला त्याच क्षणी कळलं, हातात ती दुर्गंधी धरून उभी असताना. तिला रडूच आलं, आणि रडत रडत तिने आईला त्या वासाचं सांगून टाकलं.

"अगोबाई, एवढंच ना?" नलिनीबाई म्हणाल्या. "आण इकडे."

बाळाच्या धुरीची शेगडी पेटलेली होतीच. निखाऱ्यांवर ओवा, वेखंड आणि धूप. वर उपडी टोपली. टोपलीवर बाळाची लंगोटं आणि झबली. नलिनीबाईंनी नी-कॅपही त्यांच्या रांगेत बसवली. धुरीने जात नाही असा वास त्यांच्या माहितीत नव्हता.

तो गेला नाही. त्याच्यावर बाळंतिणीच्या खोलीचा वास बसला, इतकंच.

शुक्रवारी संध्याकाळी दारावरची बेल वाजली, आणि बाहेर शुभंकर. सायकल दामटत आल्यासारखा घामाघूम.

"फोनवर भेटत नाही तुम्ही. म्हटलं, आपणच जावं."

नलिनीबाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि चहा टाकायला गेल्या. निरूला पळायला जागा नव्हती. अंगणातल्या दोरीवर, दोन झबल्यांच्या मध्ये, नी-कॅप लटकत होती. त्याने ती पाहिली. तो उठून गेला, तिने "नका—" म्हणायच्या आत हात लावला, नाकाशी नेली, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"धुतलीत तुम्ही," तो म्हणाला. "म्हणजे कळलंच तुम्हाला."

"मी… मी खूप प्रयत्न केला, खरंच, पण माझा वास…"

"तुमचा?"

"मग कुणाचा?"

त्याने नी-कॅप दोरीवर परत टाकली. मग खाली बघत म्हणाला, "माझा आहे तो. दोन वर्षं धुतलेली नाही मी ती. आमच्या टीमची समजूत आहे, जिंकत असताना नी-कॅप धुवायची नाही. तुमच्या पायात चढवली त्या दिवशी उन्हात चांगली वाळलेली होती, तेव्हा काही जाणवलं नाही. पण लारीवर एकदा झुळूक आली ना… मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. लाजेने सरकून बसलो."

 निरूला असा राग आला, असा राग आला, की विचारू नका.

"आठवडाभर मी साबण बदलतेय! रडले मी. आईला खोटं बोलायला लावलं. आणि तुम्ही म्हणता धुवू नका?"

"धुतली तर तुम्हाला कळेल म्हणून. आणि…" तो अडखळला. "आणि समजूत होती म्हणून. तुम्हाला दिल्यापासून आम्ही एकही मॅच जिंकलेलो नाही."

"मग आधीच का नाही मागितलीत?"

"मागितली असती तर भेटायचं निमित्त संपलं असतं," शुभंकर म्हणाला. "मॅच हरणं त्यापेक्षा बरं वाटलं मला."

निरूचा राग होता तिथेच राहिला, पण आता त्याला धरून ठेवणं जड जायला लागलं. आतून बाळ रडलं आणि गप्प झालं.

"धुवायची कशी ते ठाऊक आहे का तुम्हाला?" तिने विचारलं.

"ठाऊक आहे. आमचे कोच ओरडून सांगतात. कोमट पाणी, थोडं व्हिनेगर, मग साधा शांपू. उलटी करून भिजवायची. पिळायची नाही, दाबायची. सावलीत वाळवायची."

व्हिनेगर होतं. मोहनाला डोहाळ्यांत चायनीजचं वेड लागलं होतं, त्याची बाटली पडून होती. शांपू बाळाचा. निरूने बादलीत पाणी आणलं आणि त्याच्याकडे बघितलं. "परवा सिलेक्शन आहे. समजूत आहे ना तुमची?"

त्याने नी-कॅप उलटी केली आणि स्वतःच्या हाताने पाण्यात बुडवली. चार हातांनी ते दोघं ती दाबत राहिले. पाणी राखी झालं, मग काळं, मग पुन्हा राखी. बोटं लागत होती एकमेकांना. कुणी काढून घेत नव्हतं.

"रविवारपर्यंत वाळणार नाही ही," ती म्हणाली.

"क्रेप बँडेज बांधीन."

फाटकापर्यंत ती पोचवायला गेली. "वाळल्यावर न्यायला या," ती म्हणाली, आणि मग सगळी भीती गोळा करून, "आणि नेल्यानंतरही ये."

त्याने सायकल हातातच धरून ठेवली. "येईन," म्हणाला, आणि चालतच निघाला.

रविवार जाता जात नव्हता. दुपार झाली, चहा झाला, फोन मुका. नी-कॅप सावलीत वाळली होती. निरूने पुन्हापुन्हा नाकाशी धरली. कशाचाच वास नव्हता. हरला असेल तर? धुतली म्हणून हरलो असं त्याला वाटलं तर? राग आला तर येणारच नाही, आणि आपणच पाण्याची बादली आणून दिली होती. दिवे लागले तरी ती अंगणातल्या पायरीवरून उठली नाही.

फाटक वाजलं तेव्हा तिला आधी त्याचा चेहरा दिसला, आणि सगळं कळलं.

"नाही झालं," शुभंकर म्हणाला.

"धुतली म्हणून?"

"छे. दोन सर्व्हिस नेटमध्ये मारल्या म्हणून. पुढच्या वर्षी पुन्हा बघू." तो पायरीवर तिच्या शेजारी बसला, दमलेला, पण अजिबात न सरकता. "सरळ इथेच आलो. तू म्हणाली होतीस ना."

स्वयंपाकघरातून नलिनीबाईंचा आवाज आला. "निरू, शुभंकर आलाय का? नी-कॅप न्यायला आला असेल तर ती दोरीवर आहे गं."

"नाही आई," निरू म्हणाली. "मला भेटायला आलाय."