सातांक आनंदी खंय होती?

सुभद्राबाईंनी चहाला हातसुद्धा लावला नाही.

"आज संध्याकाळी लॉजवाले भाई आनंदीला पोलिसांच्या ताब्यात देणार आहेत," त्या म्हणाल्या. "त्याआधी काहीतरी करा."

मालवणच्या बाजारपेठेत, औषधांच्या दुकानावरच्या खोलीत खाजगी गुप्तहेर चारुता प्रभू बसत असे. तिचा मदतनीस सुशांत साताऱ्याकडचा. माणूस सरळ, कष्टाळू; पण गोष्ट डोक्यात शिरायला त्याला अंमळ वेळ लागे. दोन वर्षं मालवणात राहून त्याची मालवणी 'माका-तुका'च्या पुढे गेली नव्हती, आणि आपल्याला सगळं कळतं असा मात्र त्याचा ठाम समज होता. आता बोला!

सुभद्राबाई निवृत्त शिक्षिका. चार बायकांना घेऊन त्या एक निधी चालवत. कष्टकरी आईबापांना त्यातून बिनव्याजी छोटं कर्ज मिळे. पाळणाघराची फी, गणवेश, सायकल. एवढ्यातेवढ्यावरून हातची नोकरी जाऊ नये, हाच हेतू.

"आनंदीचा नवरा ट्रॉलरवर खलाशी, महिना महिना घरी नसतो. पदरात लहान मुलगी. निधीतून तिनं जुनी स्कूटर घेतली, म्हणून तर मुलीला किशोरीच्या पाळणाघरात सोडून ती सातला तारकर्लीत भाईंच्या लॉजवर पोचते."

"आणि चोरी?"

"काल पहाटे पाहुणे देवळात गेले. सातला भाईंनी फेरी मारली तेव्हा पाहुण्यांचा कॅमेरा खोलीत होता. पाहुणे साडेसातला परतले तर गायब. कुलूप शाबूत. किल्ल्या स्वयंपाकघरात टांगलेल्या. त्या अर्ध्या तासात भाई पुढच्या फाटकावर होते; कामाची माणसं मागच्या दारानं येतात. आत फक्त सुपरवायझर सर्वेश आणि आनंदी."

"आनंदी काय म्हणते?"

"वेळेवर कामावर होते म्हणते." बाई पुढं झुकल्या. "भाईंना मी शब्द दिलाय तिच्याबद्दल. ती चोर ठरली तर निधीच्या एकाही बाईला इथं कोणी दारात उभं करणार नाही. आणि ती पोर? तिनं कुणाकडे बघायचं?"

चारुता किल्ला बघायला गेलेल्या पाहुण्यांना गाठायला निघाली. सुशांतला तिनं तारकर्लीला पिटाळलं. "कोण काय बोललं ते जसंच्या तसं लक्षात ठेव. आपली अक्कल घालू नकोस."

लॉजवर सर्वेश भेटला. इस्त्रीचा शर्ट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"आनंदी कधी आली, मी पाहिलं नाही. मागं पाण्याच्या पंपापाशी होतो."

सुशांतनं सगळ्या खोल्या उघडायला लावल्या. जनरेटरच्या खोलीपाशी सर्वेश थांबला. "इथं नको. परवा साप निघाला. तेव्हापासून कुलूप लावून किल्ली मीच ठेवतो." सापाचं नाव ऐकताच सुशांत चार पावलं मागं सरकला.

आनंदी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली होती. डोळे सुजलेले, तळहातांवर लालभडक वळ. भांडी घासून घासून झाले असतील, असं सुशांतच्या मनात आलं.

"काल सातला कुठं होतात?"

"वेळेवर होते. कामावर." ती शुद्ध मराठीत, तोलून तोलून बोलत होती. "आणखी काही विचारू नका."

लॉजमालक भाई मागंच उभे होते. "वेळेवर येणारच. दोनदा उशीर झालाय. तिसऱ्यांदा झाला तर घरी बस, असं मी बजावलं होतं."

तिथून सुशांत आनंदीच्या वाडीत गेला. शेजारीण दुर्गाबाई अंगणात जाळं विणत होती.

"सातांक आनंदी?" म्हातारीनं मान वर केली. "वेळेर होती! माज्या बाजूकच तर होती. ह्या डोळ्यांनी बघलंय." मग नातीकडे वळून ओरडली, "गो इशिता, बांगडे वेळेर सुकत घातलेत, कावळ्यांकडे बघ वायच!"

इशिता धावत माडांपलीकडे गेली. मासे वेळेवर वाळवायला हवेत हे खरंच, असं म्हणत सुशांत खूष होऊन निघाला.

कोपऱ्यावर निलेशचं पंक्चरचं दुकान. बाहेर स्कूटरचं चाक टांगलेलं.

"आनंदीवयनीचा," निलेश म्हणाला. "परवा रात्री काढलंय. टायर पार गेलो. नवो टाकूक होयो. 'चार दिस थांब' म्हणाली. गाडी थंय घराकडे विटांवर उभी आसा."

म्हणजे बिचारी काल चालत गेली, तरी वेळेवर! सुशांतला तिचं कौतुक वाटलं.

लॉजवर परतून त्यानं भाईंसमोर जाहीर केलं, "दुर्गाबाईंची साक्ष आहे. आनंदी सातला वेळेवर होती."

सर्वेश चटकन पुढं झाला. "हो हो, आता आठवलं! सातला आली ती. मागच्या दाराशी स्कूटर लावली आणि किल्ल्यांपाशी गेली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गरीब बाई म्हणून गप्प होतो."

"म्हणजे तीच," भाई म्हणाले.

आनंदीनं पदर तोंडाला लावला. सुशांत गडबडला. आपण हिला सोडवायला आलो की अडकवायला?

दुपारी चारुता आली. माडाखाली उभं राहून तिनं त्याच्याकडून सगळं शब्दन् शब्द वदवून घेतलं. दुर्गाबाईंचं बोलणं दोनदा, बांगड्यांसकट.

"सुशांत, तुझी मालवणी एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार आहे," ती म्हणाली. "चल आत."

भाईंच्या ऑफिसात सगळे जमले. सुभद्राबाई पदराशी चाळा करत होत्या.

"सर्वेश, काल सातला आनंदी स्कूटरवरून आली. नक्की?"

"नक्की."

"त्या स्कूटरचं मागचं चाक परवा रात्रीपासून निलेशच्या दुकानात आहे. घरी गाडी विटांवर उभी आहे. मग तुम्ही पाहिलं काय?"

सर्वेशचा चेहरा उतरला. "चालत आली असेल. घाईत चूक झाली."

"चालतही आली नाही. सकाळी तुम्हाला काहीच दिसलं नव्हतं. सुशांतनं साक्ष सांगितली, आणि तुम्हाला एकदम सगळं आठवलं. पण ती साक्षच चुकीची होती." चारुता सुशांतकडे वळली. "दुर्गाबाई काय म्हणाल्या?"

"वेळेर होती. म्हणजे वेळेवर."

"एरवी तो अर्थही होतो. पण बांगडे कुठं सुकत होते?"

सुशांतचा आ वासला. "माडांपलीकडे... वाळूत."

"इथली दर्यावर जगणारी माणसं किनाऱ्याला वेळ म्हणतात. वेळेर म्हणजे किनाऱ्यावर. काल पहाटे रापण लागली होती, बाजारात तिचीच मासळी होती. किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं ते; दोराला हात लावील त्याला मासळीत वाटा. दुर्गाबाईंच्या बाजूला उभी राहून आनंदी दोर ओढत होती. तिचे तळहात बघा. भांडी घासून असे वळ उठत नाहीत."

आनंदीनं हात पदराआड नेले.

"सातला ती किनाऱ्यावर होती, म्हणजे आत उरला एकच माणूस. कॅमेरा बाहेर गेला नाही, कारण पाहुण्यांनी परतल्यापासून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तपासली. ते मला त्यांनीच सांगितलं. आज सर्व खोल्या उघडल्या, एक सोडून. सर्वेश, तो साप तुमच्याशिवाय कुणी पाहिलाय?"

भाईंनी नुसता हात पुढं केला. सर्वेशनं जुडगा त्यांच्या हातात ठेवला. कॅमेरा डिझेलच्या डब्यामागं, पोत्यात गुंडाळलेला निघाला. पोलीस आले ते सर्वेशला घेऊन गेले.

सुभद्राबाईंनी आनंदीचा दंड धरला. "अगो, टायर गेला तर माझ्याकडे का नाही आलीस?"

"पयले पैसे फिटाक नाय हत, बाई. खंयच्या तोंडान मागू? वाट्याची मासळी विकून टायर घेऊचो होतो."

"अगो, निधी आहे कशाला मग!" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं माझं. हे मी आधीच सांगायला हवं होतं तुम्हा सगळ्यांना. टायर आजच बसेल."

भाई खुर्चीत बसले होते. "म्हणजे काल तू उशिराच आलीस. आणि खोटं बोललीस."

"होय." आनंदी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आदल्या दोन खेपेक माजा ल्हान चेडू तापान फणफणत होता. ता सांगितलंय, तरी तुमी पगार कापलास. काल खरा सांगितलंय आसतंय, तर माका ठेवलं आसतास?"

भाईंनी टेबलावरचं हजेरीचं पुस्तक मिटलं.

"नसतं ठेवलं," भाई म्हणाले.

"म्हणान चोर म्हणवून घेतलंय. चोरी नंतर तरी खोटी ठरली आसती. नोकरी परत खंयची?"

भाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "उद्या ये. उशीर होणार असेल तर फोन कर. पगार कापणार नाही."

"ह्या सगळ्यांच्या समोर बोलतास ना?"

"सगळ्यांसमोर."

आनंदीनं मान हलवली. मग, त्या ऑफिसात इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, खुर्ची ओढून ती बसली आणि ओंजळीत तोंड घालून हुंदके देऊन रडली. भाईंनी उठून तिच्यासाठी पाण्याचा ग्लास भरला.