रोखून ठेवलेलं पत्र

कातळाच्या सड्यावर सीतेची आसवं फुलली होती. मी गुडघ्यांवर बसून भिंगातून एक जांभळं फूल पाहत होते, तेवढ्यात वरून आवाज आला —

"रेणुका तुम्हीच ना? मला गटाबाहेर काढणाऱ्या?"

ओली छत्री, चिखलाने माखलेल्या चपला, आणि डोळे मात्र शांत...

"काढलं नाही. उलगडा होईपर्यंत तुमची पत्रं रोखून ठेवलीत फक्त. गुरुप्रसाद, राजापूरचे?"

"हो. व्हायरसवाले सर. माझे विद्यार्थीही आहेत ना गटात, तेच म्हणतात आता."

कोकणातल्या वनस्पतींवरचा आमचा ईमेल गट मी सांभाळते. त्याच्या नावाने 'सड्यावरचे फोटो' असं पत्र आलं, सोबत फाइल. गटावर मी ते अडवलं, पण काही सदस्यांना ते थेट गेलं आणि त्यांचे संगणक बंद पडले. तेव्हापासून आंजर्ल्याचे जानूकाका रोज लिहीत होते, या माणसाला काढा.

"ईमेलचंही टपालासारखंच. पाकिटावर पाठवणारा म्हणून कुणाचंही नाव घालता येतं," मी म्हटलं. "पण वाटेतले शिक्के, म्हणजे पत्र कुठून कुठून आलं त्याच्या नोंदी, खरे असतात. मी ते वाचलेत. पत्र तुमच्याकडून निघालेलंच नाही. शिवाय... अंगणात काय फुललंय, ही आपल्या गटातल्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ त्यात नव्हती. तुम्ही ती कधी चुकवत नाही."

"सगळ्यांच्या पहिल्या ओळी लक्षात ठेवता?"

मी पुन्हा भिंगात डोळा घातला. फूल काही केल्या नीट दिसेना.

घरी येऊन मी गटाला सगळं लिहिलं. जानूकाकांचं उत्तर लगेच आलं, "पोरी, तू त्याला पाठीशी घालतेस."

"माझं चुकलं असेल तर हे काम सोडते," मी लिहिलं. "पण काका, शिक्के तुमच्या घराकडे बोट दाखवतायत. तुमचा संगणक तपासून घ्या."

दुसऱ्या दिवशी काकांचं पत्र आलं. व्हायरस त्यांच्याच संगणकात होता. तिथल्या पत्त्यांमधून नावं उचलून तो पत्रं पाठवत सुटला होता. काकांनी सगळ्यांसमोर सरांची माफी मागितली. ते वाचताना माझी मान आपोआप ताठ झाली.

गुरुप्रसादच्या पत्रांवरची रोक उठवायला बसले, तर त्याचं एक पत्र अडकलेलं दिसलं.

'अंगणात कोरांटी फुलली आहे. रोक आहे तोवर माझं पत्र आधी तुम्हीच वाचता, म्हणून आजच लिहितो. मला तुम्ही आवडता. पुढे सोडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.'

सवयीने मी शिक्के तपासले. प्रत्येक शिक्का खरा होता. ज्याचं नाव, त्याचंच पत्र.

मग रोक उठवली, आणि माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून लिहिलं —

'अंगणात अबोली फुलली आहे. आपलं पत्र गटाच्या विषयाला धरून नसल्यामुळे पुढे सोडलेलं नाही. ज्या व्यक्तीसाठी होतं, तिला ते मिळालं... तिलाही तुम्ही आवडता. यापुढे याच पत्त्यावर लिहावं.'