नववा कप

सकाळी कपाट उघडलं तेव्हा वही जागेवरच होती. तेच लाल फडकं, तीच दुहेरी गाठ. दिग्दर्शकाने गाठ सोडली, वही नाकाशी नेली आणि मटकन खुर्चीत बसला. वहीला चहाचा वास येत होता.

"ही खोटी," दुपारी तो वहिनींना सांगत होता. "शूटिंगसाठी बनवलेली. कागद जुना दिसावा म्हणून प्रॉपवाले चहात भिजवतात. खरी वही गेली."

खासगी तपासाच्या कामात वहिनींना वीस वर्षं झाली होती. सोबत त्यांचे धाकटे दीर होते, गणिताचे निवृत्त मास्तर. बायको गेल्यापासून मास्तरांना घर खायला उठायचं, म्हणून वहिनी त्यांना कामावर घेऊन जात. तपासात त्यांचा उपयोग बेताचाच होता. दोघांनाही ते ठाऊक होतं आणि दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नसत.

आज मात्र मास्तर हट्टाने आले होते. हरवलेली वही म्हणजे 'उलटं छत'चं मूळ हस्तलिखित; सिनेमा त्याच पुस्तकावर होता, आणि ते त्यांनी एकोणिसाव्या वर्षी वाचलं होतं. आठ मित्र डोंगरावरच्या घरात तीन आठवडे कोंडून घेतात, गांजा आणि गोळ्यांवर जगतात, आणि सगळं जग उलटंपालटं होतं. त्या वयात मास्तरांनी साधी विडी ओढली नव्हती, पण पुस्तक उशाशी घेऊन झोपायचे. वर्गात त्यांना मित्र नव्हता. त्या घरात मात्र आपल्याला कुणीतरी आत घेईल, असं त्यांना वाटायचं.

"काल खोलीत कोण कोण होतं?" वहिनींनी विचारलं.

"आम्ही चौघंच. मी, पटकथा लिहिणारी, प्रॉपवाला आणि खुद्द लेखक. खरी आणि खोटी वही टेबलावर शेजारी शेजारी होती. बैठक संपल्यावर मी स्वतः वही बांधली, कुलूप लावलं. किल्ली एकच, ती माझ्या गळ्यात. शिवाय पटकथेचं पानही बाहेर फुटू नये म्हणून दारावर पिशव्या तपासतात. चौघांच्याही तपासल्या."

"नंतर खोलीत कुणी?"

"झाडायलासुद्धा नाही."

मास्तरांची नजर ट्रेवर गेली. पाच कप, तळाशी वाळलेला चहा. कुणीतरी दोनदा घेतला असेल, म्हणून त्यांनी विषय मनातच मिटवला.

"घाई कसली आहे?" वहिनींनी विचारलं.

"उद्या पहिला शॉट. लेखकाचा म्हातारा हात पहिलं वाक्य लिहितोय, आणि शेजारी खऱ्या वहीचं तेच पान."

प्रॉपवाला गोदामात भेटला. वैतागलेला होता. "शेवटी आमच्याच गळ्यात येणार, बाई. महिनाभर बसून अक्षर हुबेहूब उतरवलं. शिरोरेषाच देत नाही हा माणूस, सगळी अक्षरं बोडकी." त्याने वस्तूंची यादी पुढे केली. "आमचं काम म्हणजे पुस्तकातली एकेक वस्तू उतरवून काढायची. आठ गाद्या, आठ जोडी बूट, नऊ कप."

"आठ माणसांना नऊ कप?" मास्तर खूश झाले. "हिशेबात चूक आहे."

"तीनदा आहे ती. तीन ठिकाणी नऊ कप विसळून पालथे घातलेत. म्हणून काल बैठकीत विचारलं, आठ ठेवू की नऊ? साहेब म्हणाले आठ. लेखक हसले. म्हणाले, काढून टाका, शुद्धीत कोण होतं मोजायला."

पटकथा लिहिणारी खिडकीपाशी कागद फाडत बसली होती. "वही मला कशाला? त्या पोरांच्या नशेचा मला कंटाळा आलाय. स्वयंपाकघरातली पानं तेवढी जिवंत होती. कोण कुठे झोपलंय, कुणाचे बूट काढून ठेवलेत, गेलेली वीज तीन वाजून दहा मिनिटांनी कशी आली. कालच्या बैठकीत तीच पानं पटकथेतून कापली."

लेखक शेजारच्या खोलीत होता. थोरली बहीण त्याला गोळी देत होती. त्याने मास्तरांच्या जुन्या प्रतीवर सही केली आणि खाली ठसठशीत शिरोरेषा देऊन दोन शब्द शुभेच्छांचे लिहिले. शाई वाळेपर्यंत मास्तरांनी प्रत मिटली नाही.

"त्या तीन आठवड्यांतलं मला काहीच आठवत नाही," तो म्हणाला. "शुद्धीवर आलो तर वही उशाशी. आयुष्यात दाखवण्यासारखी तेवढीच एक गोष्ट. ती गेली तर मी कोण?"

बहिणीने पाण्याचा पेला उचलला. गोळ्यांच्या वेळा लिहिलेला कागद टेबलावर होता. वहिनींनी तो वाचला, मास्तरांनाही दाखवला आणि जागेवर ठेवला. मास्तरांना त्यात गोळ्यांपलीकडे काही दिसलं नाही.

पाच वाजता वहिनींनी सगळ्यांना सेटवरच्या स्वयंपाकघरात बोलावलं. भिंती पुठ्ठ्याच्या होत्या, नळाला पाणी नव्हतं.

"कुलूप कुणी तोडलं नाही," वहिनी म्हणाल्या. "वह्या बदलल्या गेल्या त्या त्याआधीच, टेबलावर. साहेबांनी खोटीच वही बांधली; त्यांना वाटलं दुसरी प्रॉपवाल्याने नेली, प्रॉपवाल्याला वाटलं दोन्ही कपाटात गेल्या. मग खरी बाहेर गेली कशी? चौघांच्या पिशव्या तपासल्या होत्या. पण चहाचे कप पाच होते."

"पाचवं कुणी नव्हतंच," दिग्दर्शक म्हणाला.

"होतं. गोळ्यांची पिशवी घेऊन कोपऱ्यात बसलं होतं. दारावरच्याने म्हाताऱ्या बाईची पिशवी उघडली नाही, आणि तुम्ही त्यांना मोजलंच नाही."

सगळे बहिणीकडे वळले. तिने मान खाली घातली नाही.

"पुस्तकातही तेच झालंय," वहिनी पुढे म्हणाल्या. "आठही जण बेशुद्ध, तर घड्याळ कुणी पाहिलं? बूट कुणी काढले? भावजी, चूक एखाद्या वेळी होते. तीनदा नऊ कप विसळले जातात तेव्हा तिथे नववं माणूस असतं, आणि ते शुद्धीवर असतं. वहीतली अक्षरं बोडकी आहेत. लेखकांची शिरोरेषा आत्ता भावजींच्या पुस्तकावर पाहिली. गोळ्यांचा कागद बहिणीच्या हातचा आहे, त्यावरची अक्षरं मात्र बोडकी आहेत."

बहिणीने पिशवीतून वही काढली.

"आईने पाठवलं होतं, त्याला घरी घेऊन ये म्हणून," ती म्हणाली. "तो येईना, मग मीच राहिले. त्यांचं जेवण बघायचं, ओकाऱ्या पुसायच्या. सगळे पडले की बोलायला कुणी नसायचं. मग लिहीत बसायची. त्याच्या तोंडून लिहिलं. माझ्या तोंडून कोण ऐकणार होतं? शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं, हे मी लिहिलं? मी हो म्हटलं. त्यानंतर त्याने गांजाला हात लावला नाही. मग खरं कुठल्या तोंडाने सांगायचं?"

"मग कालच काय बिघडलं?" दिग्दर्शकाने विचारलं.

"काल त्याने कप काढायला सांगितला. सबंध पुस्तकात तेवढाच माझा होता."

एकोणिसाव्या वर्षी रात्र रात्र आपल्याशी कोण बोलत होतं, ते मास्तरांना आता कळलं. त्या घरात तीही त्यांच्याइतकीच एकटी होती.

"अक्षर माझं नाही हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, ताई," लेखक म्हणाला. "तू हो म्हणालीस आणि मी परत विचारलं नाही. परत विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं," ती म्हणाली.

दिग्दर्शक पुढे झाला. "मग पडद्यावर लेखक म्हणून नाव कुणाचं द्यायचं?"

"तिचं," म्हातारा म्हणाला. बोलून झाल्यावर त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "मग मी कोण, ताई?"

तिला विचार करावा लागला नाही. "मी ज्याला घरी न्यायला गेले होते, तो," ती म्हणाली, आणि उठायला त्याला हात दिला.