एकाच कोटातली माणसं

उन्हं कलली तेव्हा भीमाशंकरनं फ्लेक्सची गुंडाळी मोटारसायकलच्या मागं आडवी बांधली आणि तो पालममधून बाहेर पडला. काम साधंच होतं. गंगम्माअव्वांच्या शिवगणाराधनेचा, म्हणजे दिवसकार्याचा, बॅनर त्यांच्या शेतातल्या घरी, आखाड्यावर न्यायचा, भिंतीला ठोकायचा आणि माघारी फिरायचं. एरवी असल्या कामाला तो माणूस धाडायचा. या वेळी कुणाला धाडवेना. अव्वांच्या ज्या लेकीसमोर उभं राहायला नको म्हणून त्यानं हा रस्ताच टाकला होता, तिनंच फोन करून बॅनर सांगितला होता, आणि तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

बसस्टँडसमोर भीमाशंकरचं फोटो आणि फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, निवडणुका, सप्ते, सगळ्यांचे बॅनर तिथूनच निघायचे. पण त्याचं खरं नाव झालं ते मेलेल्या माणसांमुळं. तालुक्यातला कुणी नावाजलेला माणूस गेला, की घरच्यांचे डोळे पुसून व्हायच्या आत भीमाशंकरच्या मोबाइल ग्रुपवर त्याचा फोटो यायचा आणि खाली चार ओळी. त्या ओळी तो जीव ओतून लिहायचा, हे त्याचे वैरीही कबूल करत. शिवाय वर्ष सरताना तो चौकात एक लांबलचक फ्लेक्स लावायचा, ‘आठवणीतली माणसं’. वर्षभरात गेलेली तालुक्यातली मोठी माणसं, सगळी एका रांगेत.

त्या रांगेची एक गंमत होती. खेड्यातल्या माणसाचा धड फोटो मिळतो कुठं? कुणाचा लग्नाच्या घोळक्यातला, कुणाचा आधारकार्डावरचा. मग भीमाशंकर चेहरा तेवढा कापून घ्यायचा आणि कॉम्प्युटरातल्या एका निळ्या कोटावर बसवायचा. कोट सगळ्यांना एकच, वरच्या खिशात पांढरा रुमाल. रंगनाथ गुरुजींचा जन्म धोतरात गेला, त्यांना तोच कोट. ओव्या गाणारा धनगर आश्रुबा, ज्याच्या खांद्यावरची घोंगडी कधी कुणी उतरलेली पाहिली नाही, त्यालाही तोच. भुजंग पहिलवानाची मान त्या कॉलरात मावेना, तेव्हा भीमाशंकरनं मानच बारीक करून टाकली. सिताराम सनईवाला फोटोत भलतीकडंच बघत होता, म्हणून त्याच्यापुरता कोट उलटा फिरवला आणि रुमाल उजव्या खिशात गेला. लोक चौकात उभे राहून हसायचे, "जित्तेपणी न्हाई, पर मेल्यावर तरी भीमानं समद्यांला सायब केलं!"

गंगम्माअव्वा या सगळ्यांपेक्षा मोठ्या. शिवकीर्तनाला उभ्या राहिल्या की सोनपेठपासून माणूस लोटायचा, आणि आकाशवाणीवर त्यांचा आवाज लागला की बाजारातला घासाघिशीचा गलका थांबायचा. संक्रांतीच्या सुमाराला त्यांना नांदेडला दवाखान्यात नेलं, आणि कुणीतरी चहाच्या टपरीवर म्हणालं, "अव्वा गेल्या म्हणं." झालं. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! भीमाशंकरनं कुणाला न विचारता टाकून दिलं, ‘गंगम्माअव्वा लिंगैक्य’. लोक हार घेऊन आखाड्यावर पोचले आणि त्यांच्यासमोर जीपमधून अव्वा स्वतः उतरल्या.

अव्वा रागावल्या नाहीत. असली खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं चारचौघांनी म्हटलं, त्यावर त्या हसल्या. मग भीमाशंकरला पुढं बोलावून म्हणाल्या, "काय लिवलंस रं माज्यावर? वाच की जरा." खाली मान घालून त्यानं वाचलं. "ग्वाड लिवलंस," त्या म्हणाल्या. "फकस्त पुढल्या टायमाला इचारून लिव बाबा."

अव्वांनी पोटात घातलं, बाजारानं नाही. त्या दिवसापासून भीमाशंकरला रस्त्यानं चालणं मुश्किल झालं. "भीमा, माजं कवा टाकतूस?" हे रोजचंच झालं. रिकामटेकडी पोरं अनोळखी नंबरावरून फोन करून बायकी आवाजात रडायची, "आमचे मालक गेले हो भाऊ, फोटू टाका..." आणि मागं खिदळण्याचा आवाज. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. भीमाशंकर तर पाणीही फुंकायला लागला.

अशात वैशाखातल्या एका सकाळी फोन वाजला. अनोळखी नंबर, बाईचं रडणं, "अव्वा गेली, भाऊ." त्यानं शिवी हासडून फोन कापला आणि भर दुकानात चार लोकांदेखत ग्रुपवर लिहून टाकलं, ‘गंगम्माअव्वांबद्दल पुन्हा अफवा पसरवली जात आहे. कुणीही विश्वास ठेवू नये.’ लोकांनी खाली होकाराचे अंगठे टाकले. फोन पुन्हा वाजला, तो त्यानं घेतला नाही. मग पुन्हा वाजला, आणि या खेपेला त्यानं घेतला. पलीकडची बाई आता रडत नव्हती. "भाऊ, म्या महेश्वरी बोलायलेय. कुणीच यीना. तुमी तरी सांगा लोकायला."

तो आवाज त्यानं ओळखला होता. अव्वांच्या मागं टाळ घेऊन उभ्या राहणाऱ्या त्यांच्या लेकीचा आवाज तालुक्यात कोण ओळखणार नाही? पण लिहिलेलं आता मागं घ्यायचं, पुन्हा हसं करून घ्यायचं... ‘थोड्या वेळानं बघू’ असं म्हणून त्यानं फोन गल्ल्यात टाकला. तो थोडा वेळ संध्याकाळपर्यंत लांबला. बातमी खरी असल्याचं कळून दुसऱ्या दिवशी गाव आखाड्यावर गेलं, तर माती देऊन झालेली. नात्यातले लोक आले असतील, असं जो तो म्हणाला. भीमाशंकरनंही तेच धरून ठेवलं. रात्री अंथरुणात मात्र त्याला ते पटत नव्हतं, कारण अव्वांना लेकीशिवाय नात्यातलं कुणी उरलं नव्हतं, आणि हे ज्या चार ओळींत अख्ख्या तालुक्याला ठाऊक झालं होतं, त्या त्यानंच लिहिल्या होत्या.

डांबरी रस्ता संपला आणि गाडीवाट लागली. दोन्ही अंगांना काळी रानं, भेगाळलेली. चिटपाखरू नव्हतं. वारा मागच्या गुंडाळीत शिरून बारीक आवाज करायला लागला, आणि भीमाशंकरला वाटलं, मागं कुणीतरी बसून पुटपुटतंय. त्यानं गाडी थांबवली, दोरी आवळली. वारा पडलेला होता. पुटपुटणं थोडं उशिरानं थांबलं.

आखाड्यावर महेश्वरी ओट्याच्या पायरीवर बसली होती. "शरणार्थ भाऊ, या," म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. रेंज नव्हती, असं सांगायचं तो वाटेनं घोकत आला होता. तिनं काही विचारलंच नाही. विचारल्याशिवाय खोटं तरी कसं बोलावं?

"बॅनर कुठं लावायचा, आक्का?"

"हितंच, ओट्यावरल्या भिंतीला. हितंच बसवलं व्हतं अव्वाला."

भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या उंचीला भस्माचा पांढरा डाग होता. भीमाशंकरनं तिकडं पाठ करून दोरी सोडली. अंगण पाचोळ्यानं भरलं होतं, किती दिवसांत झाडू फिरला नव्हता कोण जाणे. मधेमधे मात्र तिथं पाचोळा नसलेले गोल गोल तुकडे होते, कुणी मांडी घालून बसून उठावं तेवढे. कोंबड्यांनी उकरलं असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. आखाड्यावर कोंबड्या नव्हत्या.

त्यानं फ्लेक्स उलगडला. नव्या शाईचा तो उग्र, रॉकेलसारखा वास भपकन बाहेर आला. दुकानात बसून बसून त्याला तो जाणवेनासा झाला होता. महेश्वरीनं मात्र पदर नाकाला लावला आणि ती उठून उभी राहिली.

"ह्योच वास," ती हळू म्हणाली. "त्या दिशी ह्योच वास सुटला व्हता घरभर... ते आले तवा."

"कोण आले?"

"मातीला आले व्हते ते, भाऊ. तुमीच धाडले न्हवं?"

भीमाशंकरच्या हातातला हातोडा तसाच राहिला. महेश्वरी भिंतीकडं बघत बोलू लागली, इतकं हळू की त्याला पुढं सरकून ऐकावं लागलं.

"सकाळच्या पारी अव्वाला न्हाऊ घातलं, भस्म लावलं, भिंतीला टेकून बसवलं. तोंड रस्त्याकडं. सालगड्यानं खड्डा घेतला आन् त्यो गावात सांगाया गेला, तर लोकं मोबाईल दावून हसली त्याला. मंतर म्हणाया स्वामी बी यायना. मग त्यो तिकडंच बसला, माणसं घेऊनच येतो म्हणून. हितं मी आन् अव्वा. जल्मभर तिच्या म्होरं माणूस मावला न्हाई, आन् त्या दिशी कुत्रं बी फिरकलं न्हाई, भाऊ. डोळे मिटतच न्हवते तिचे. रस्त्याकडं बघत बसली व्हती..."

भीमाशंकरला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

"उन्हं कलली, आन् आले. पायाचा आवाज न्हाई, काई न्हाई. वर बघितलं तर अंगण भरलेलं. समदे निळ्या कोटातले. येवढ्या उन्हात कोट! मला वाटलं, बँडवाले हायती का काय. एकासारखा एक कोट, खिशात पांढरा रुमाल."

"आक्का..."

"एक गडी लय दांडगा, पर मान बगा येवढीशी. एकाचा रुमाल हिकडल्या, उजव्या खिशात. त्यो नुस्ता गाल फुगवायलता. एक म्हातारा सारखा खांद्यावर हात फिरवायलता, कायतरी पडल्यावानी. त्यायला पाणी दिलं, तर तांब्या तसाच भरलेला ऱ्हायला."

अंगणातला उजेड उतरत चालला होता. भीमाशंकरला ओट्यावरून खाली बघायचं नव्हतं. त्यानं त्या माणसांच्या माना बारीक केल्या होत्या, घोंगड्या उतरवल्या होत्या, आणि त्यांना जे जमलं ते त्याला जमलं नव्हतं. जिवंत माणूस आला नाही, म्हणून मेलेली आली. का आला नाही जिवंत माणूस? कारण एकच होतं, आणि ते हातोडा घेऊन ओट्यावर उभं होतं.

"लय उपकार झाले तुमचे," महेश्वरी म्हणाली.

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण पाठीमागं तो भस्माचा डाग होता, आणि भीमाशंकर माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. त्यानं हातोडा खाली ठेवला आणि हात जोडले.

"म्या न्हाई धाडले, आक्का. मी कुणालाच धाडलं न्हाई. तुमचा आवाज मी वळखला व्हता. वळखून बी गप बसलो, लोक हसतील म्हणून. मोबाईलवर मीच टाकलं व्हतं अफवा हाय म्हणून. पाया पडतो, मला काय बी बोला... पर मी आलो न्हाई."

तो रडत होता. महेश्वरी रागावेल, हाकलून देईल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर तो हलक्या मनानं घरी गेला असता. ती मात्र नवलानं त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"असं काय बोलायलाव, भाऊ? आलो न्हाई कसं? तुमी तर समद्यात म्होरं व्हता."

"मी?"

"मंग? अव्वाला उचललं कुणी? त्यायच्यातलं कुणी हात लावीना, हात कोटातच व्हते त्यायचे. तुमीच खांद्यावर घेतलं तिला. खड्ड्यात बी तुमीच उतरलाव. मांडी घालून नीट बसवलं, डाव्या हातात लिंग ठिवलं. म्या वरून बेल दिला, तर तुमी हात वर करून घेतला. थंड व्हता तुमचा हात. म्या म्हणलं, येवढ्या उन्हात..."

तिचा आवाज एकदम खाली गेला. तिनं एक पाऊल मागं घेतलं आणि भीमाशंकरकडं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"मंग त्यायनी पायानं माती लोटली. मी रडायलते, ध्यान न्हवतं माजं. पर खड्डा बुजला तरी तुमी वर आलेले काय मी बघितलं न्हाई, भाऊ. पल्याडच्या अंगानं निघालासाल म्हणलं... कवा आलाव तुमी वर?"

भीमाशंकरनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर दातांखाली माती करकरली.