अकरा वाजता वाजलेली बेल

"ताई, बेल वाजलीच नाही. आईशपथ!"

कोंचेत्ता स्तिलो खुर्चीच्या कडेवर कशीबशी टेकली होती. ती शर्टांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. मणक्याचं ऑपरेशन झालं, म्हणून आजारपणाच्या पगारी रजेवर होती. अशा रजेत सकाळच्या ठरलेल्या वेळी घरीच सापडावं लागतं, तपासणीचा डॉक्टर कधीही येऊन धडकतो. डॉक्टर लेन्तिनींनी लिहून दिलं होतं की, मंगळवारी अकराला बेल वाजवली, बाई घरी नव्हती. झालं! पगार बंद, आणि आता नोकरीही जायची वेळ आली होती.

"कुठे गेला होतात?" ओर्नेल्ला वित्सारीने विचारलं. गावातली ही एकुलती एक खासगी गुप्तहेर.

"कुठेच नाही," म्हणत कोंचेत्ता काळ्या स्वेटरच्या बाहीत तोंड खुपसून रडायला लागली.

ओर्नेल्लाचा दीर तानो तिची गाडी चालवायचा. त्याला बाईची कीव आली, पण विश्वास काही बसेना. काळ्या स्वेटरचं त्याला काहीच वाटलं नाही. या गावात अर्ध्या बायका काळ्यातच असतात.

कारखान्याचा मॅनेजर पेरोत्ता हसूनच बोलला. "आजारी म्हणे! महिनाभरात तिचा आवाजसुद्धा ऐकला नाही मी. मी सहसा तपासणी मागत नाही हो. त्या दिवशी म्हटलं, बघू या."

डॉक्टर लेन्तिनी वैतागलेलेच होते. "गल्लीत चिटपाखरू नव्हतं. खालचं मोठं दार बंद. बेल दाबून दाबून बोट दुखलं, थंडीत कुडकुडलो, आणि बाईसाहेबांचा पत्ता नाही!"

शेवटी कोंचेत्ताची शेजारीण सारिना. तिच्या हातात सुपाचं पातेलं होतं.

"तिचं नाव काढू नका! खालच्या मजल्यावर हिचा सख्खा बाप गेला. मंगळवारी अकराच्या ठोक्याला शवपेटी उचलली, सगळी गल्ली लोटली होती. आणि ही बया सुतकाचे काळे कपडे घालून वर बाल्कनीत, तोंडाला रुमाल लावून! बापासाठी दोन जिने उतरवले नाहीत हिला. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून मी रोज सूप ठेवते तिच्या दाराशी. बोलत मात्र नाही."

"खालचं दार लावलेलं होतं?"

"मयताच्या घरी दार लावतं का कोणी? पेटी जाऊन माणसं परत येईपर्यंत सताड उघडं होतं."

गाडीत तानो म्हणाला, "वहिनी, त्या बाईला काळीज आहे की दगड?"

"उद्या कळेल तुला," ओर्नेल्ला म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी पेरोत्ताच्या खोलीत सगळे जमले. ओर्नेल्लाने सुरुवात केली.

"डॉक्टर, अकराला त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. तुम्हाला चिटपाखरू दिसलं नाही. दार सताड उघडं होतं, तुम्हाला बंद दिसलं. तुम्ही गेलाच नव्हतात."

लेन्तिनींनी पेरोत्ताकडे पाहिलं. "यांचाच फोन आला. म्हणाले, बापाचं दफन आहे, ती तिकडेच असणार. कशाला हेलपाटा घालता, लिहून टाका."

"सहसा तपासणी न मागणाऱ्या मॅनेजरने नेमकी दफनाच्या वेळची मागितली," ओर्नेल्ला म्हणाली. "कोंचेत्ता, नियमाला इतकी घाबरणारी बाई न विचारता राहणार नाही. आदल्या दिवशी तुम्ही यांना फोन केलात ना?"

"केला. जाऊ का, म्हणून विचारलं. म्हणाले, उंबरा ओलांडलास तर पगार विसर. दोन पोरं आहेत, ताई. नाही गेले."

"म्हणजे महिनाभर आवाज ऐकला नाही, हे खोटं," ओर्नेल्ला म्हणाली. "बाईला काढायला निमित्त हवं होतं, आणि मना करूनही ती जाणारच, असं यांनी धरलं. आपल्या गावात बापाला पोचवायला कोण जात नाही? तिथेच हे चुकले. ती घरी होती याला साक्षीदार सगळी गल्ली आहे. तिला शिव्या देतेय तीच."

पेरोत्ताने मान खाली घातली. "पगार... देऊन टाकू. नोकरीही राहील."

तानो खुशीत कोंचेत्ताकडे वळला.

"म्हणजे कोणी येणारच नव्हतं?" तिने हळूच विचारलं. "मग मी गेले असते तरी चाललं असतं."

तानोने गाडी दाराशी आणली, तिला हात धरून बसवलं आणि न विचारताच दफनभूमीचा रस्ता धरला.